स्ट्रायपर गरवायला सुरुवात: एक रॉड, पाच लुअर आणि भरतीचं वेळापत्रक

मार्च सरत आला की न्यू जर्सीतल्या बेट-टॅकलच्या दुकानांत एकच प्रश्न असतो: स्ट्रायपर आले का? एडिसन-आयसेलिनमध्ये राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना पत्ता नसतो, पण घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर रॅरिटन बे आहे आणि वसंतात स्ट्रायपर, म्हणजे स्ट्राइप्ड बास या माशासाठी पूर्व किनाऱ्यावर तिचं नाव मोठं आहे. लहानपणी खाडीवर तंगूस आणि गळ घेऊन बसलेल्या माणसालाही इथलं दुकान मात्र गोंधळात पाडतं. भिंतभर लुअर, म्हणजे खोटी आमिषं, टांगलेले, रॉडची रांग संपत नाही, आणि प्रत्येक पाकिटावर मोठ्या माशाचा फोटो. नवखा माणूस चारशे डॉलर मोजून बाहेर पडतो आणि त्यातलं निम्मं सामान कधी पाण्यात पडत नाही. लुअर बहुतेक वेळा माशाआधी गिऱ्हाइकाला पकडतात.

माझं म्हणणं साधं आहे. सुरुवातीला एक रॉड, एक रील, पाच लुअर एवढंच घ्या. बाकीचं लक्ष भरती-ओहोटीवर आणि मासा त्या आठवड्यात काय खातोय यावर ठेवा.

मासा कोण, कुठून येतो

चंदेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळे आडवे पट्टे, म्हणून स्ट्राइप्ड बास. मेरीलँडकडे यालाच रॉकफिश म्हणतात. हा मासा समुद्रात वाढतो, पण अंडी घालायला नदीत चढतो. चेसापीक उपसागराच्या नद्या, डेलावेअर आणि हडसन ही त्याची मुख्य माहेरघरं. वसंतात अंडी घालून झाली की मोठे मासे किनाऱ्याने उत्तरेला सरकतात, उन्हाळा न्यू इंग्लंडच्या गार पाण्यात, पार मेनपर्यंत काढतात आणि पाणी थंडावलं की परत दक्षिणेला निघतात. न्यू जर्सीचा किनारा या येण्या-जाण्याच्या वाटेवरच आहे, त्यामुळे इथे वर्षातून दोनदा चांगला हंगाम मिळतो.

ज्याने रायगडात जिताडा गरवलाय त्याला याची वागणूक ओळखीची वाटेल. खाऱ्या-गोड्या पाण्याच्या हद्दीत वावरणारा, पुलाच्या खांबाआड नाहीतर दगडाच्या आडोशाला दबा धरणारा, वाहत्या पाण्यातून आयतं येणारं भक्ष्य एका घोटात आत ओढणारा. फरक एवढाच की जिताडा अंड्यांसाठी खाऱ्या पाण्याकडे येतो आणि स्ट्रायपर गोड्या पाण्याकडे जातो.

पाण्यात गळ टाकण्याआधी नियम

हे आधी सांगतो, कारण दंड लुअरपेक्षा कितीतरी महाग पडतो. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा एक सामाईक आयोग या माशाचे नियम ठरवतो. २०२४ पासून समुद्रकिनाऱ्यावर हौशी मासेमारांसाठी नियम असा: दिवसाला माणशी एक मासा, आणि त्याची लांबी २८ ते ३१ इंचांच्या मध्ये. त्याहून लहान असो वा मोठा, परत पाण्यात. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, मासा सपाट पट्टीवर ठेवून मोजायची. नियम मधूनच बदलतात, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला राज्याच्या मत्स्य विभागाचं पान बघून घ्यायचं.

मोठा मासा का सोडायचा, हा प्रश्न आपल्याकडचे लोक हमखास विचारतात. मोठे मासे बहुतांशी माद्या असतात आणि एकेक मादी लाखो अंडी घालते. १९८० च्या सुमारास हा मासा इतका घटला की १९८४ मध्ये अमेरिकी संसदेला खास कायदा करावा लागला. मेरीलँडने तर १९८५ पासून पाच वर्षं पकड पूर्ण बंद ठेवली. १९९५ मध्ये मासा सावरल्याचं जाहीर झालं, पण २०१९ च्या पाहणीत पुन्हा प्रमाणाबाहेर पकडला गेल्याचं दिसलं. आजचे कडक नियम त्यातून आले.

न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यात हौशी मासेमारीला लायसन्स लागत नाही, पण १६ वर्षं आणि त्यावरच्यांनी राज्याच्या खाऱ्या पाण्याच्या नोंदवहीत दरवर्षी नाव नोंदवायचं असतं. ते फुकट आहे, ऑनलाइन होतं. न्यू यॉर्कची नोंदणी वेगळी, तीही फुकट. मॅसॅच्युसेट्स आणि कनेटिकटमध्ये मात्र पैसे भरून परवाना काढावा लागतो. न्यू जर्सीच्या नद्या आणि बे जानेवारी-फेब्रुवारीत स्ट्रायपरसाठी बंद असतात. डेलावेअर नदीचा अंडी घालण्याचा पट्टा एप्रिल-मे बंद. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या पुढे, संघराज्याच्या हद्दीत, हा मासा पकडायला १९९० पासून मनाई आहे. कोणाच्या बोटीवर गेलात तर हे ध्यानात असू द्या.

आणि जिवंत किंवा कापलेलं आमिष लावणार असाल तर सर्कल हुकच, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळच, वापरायचा, हा नियम २०२१ पासून आहे. साधा जे आकाराचा गळ मासा गिळतो आणि तो पोटात रुततो. सर्कल हुक बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात बसतो. नवख्याने लुअरनेच सुरुवात करावी असं मी म्हणतो त्याचं एक कारण हेही आहे.

रॉड आणि रील

कुठे उभे राहणार, यावर रॉड ठरतो. बे, खाडी, नदीकाठ आणि छोटी जेट्टी असेल तर ७ ते साडेसात फुटी, मीडियम-हेवी स्पिनिंग रॉड. उघड्या समुद्राच्या लाटांवरून फेकायचं तर ९ ते १० फुटी सर्फ रॉड. दोन्ही ठिकाणी एकच न्यायचा असेल तर ९ फुटी घ्या. बेमध्ये तो थोडा अवजड वाटेल, पण काम होतं. ७ फुटी रॉड लाटांवर तोकडा पडतो.

विकत घेताना हँडलच्या वर छापलेलं वाचा. तिथे लुअरचं वजन दिलेलं असतं, समजा १ ते ३ औंस. अशा रॉडवर दीड-दोन औंसाचा लुअर सगळ्यात लांब जातो. अर्ध्या औंसाचा लावलात तर रॉड वाकतच नाही आणि लुअर समोर टपकन पडतो. ब्रँडपेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

रील ७ फुटी रॉडला ४००० साइझचं, ९ फुटीला ५००० किंवा ६००० चं. पेन बॅटल, दाइवा बीजी ही पहिल्या रीलसाठी नेहमी सुचवली जाणारी नावं. पाणी आत न जाऊ देणारी महागडी सीलबंद रील लाटांत छातीपर्यंत उतरणाऱ्यांसाठी असतात. पहिल्या वर्षी ती घेऊ नका. रॉड आणि रील मिळून दीडशे ते अडीचशे डॉलरांत चांगलं सामान येतं.

घरी आल्यावर रीलला गोड्या पाण्याचा हलका फवारा द्यायचा, आधी ड्रॅगची (मासा ओढताना दोरी ताणाने सोडणाऱ्या ब्रेकची) चकती आवळून. होजचा जोरदार झोत मारला तर मीठ धुऊन निघण्याऐवजी आत शिरतं. वाळलं की ड्रॅग सैल करून ठेवा.

दोरी आणि गाठ

रीलवर ३० पौंडी ब्रेड भरा, अडीचशे यार्ड तरी. ब्रेड म्हणजे विणलेली दोरी. तंगुसापेक्षा बारीक, मजबूत आणि ताण न खाणारी, त्यामुळे माशाची टोचणी थेट बोटापर्यंत येते. ब्रेड नुसती रीलच्या गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे रिळावर, गुंडाळली तर मासा ओढताना ती आख्खीच्या आख्खी फिरते, म्हणून खाली आधी थोडं तंगूस गुंडाळायचं. भरताना ओल्या फडक्याने दोरी चिमटीत घट्ट धरा आणि स्पूलच्या काठाखाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून थांबा. काठोकाठ भरलं की फेकताना गुंता होतो आणि तो गुंता अंधारात सोडवता येत नाही.

ब्रेडच्या टोकाला दोन-तीन फूट लीडर लागतो, ३० ते ४० पौंडी फ्लूरोकार्बन किंवा जाड तंगूस. दगडांवर, शिंपल्यांवर घासून ब्रेड लगेच तुटते, लीडर टिकतो. स्ट्रायपरला कापणारे दात नसतात, तोंड आतून सॅंडपेपरसारखं खरखरीत असतं. पण मे महिन्यात आणि पानगळीत त्याच पाण्यात ब्लूफिश फिरत असतो आणि तो लीडर वस्तऱ्यासारखा कापतो. ब्लूफिश लागायला लागले की ५० पौंडीच्या वरचा लीडर लावा. त्याच्या तोंडात बोट घालायचं नाही, मेला असं वाटलं तरी.

ब्रेड आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ शिका. दोन्ही टोकं समोरासमोरून आणून सहा-आठ इंच एकमेकांलगत समांतर ठेवा. ब्रेडचं टोक मागे वळवून फास करा आणि त्या फासातून दोन्ही दोऱ्यांभोवती आठ वेढे घ्या, मग टोक हळू ओढा. लीडरच्या टोकाने तेच करा, पण वेढे चार-पाचच, कारण दोरी जाड आहे. आता दोन छोट्या गाठी समोरासमोर दिसतील. त्या थुंकीने ओल्या करा आणि दोन्ही मूळ दोऱ्या विरुद्ध दिशेला ओढा. गाठी सरकत येऊन एकमेकींना टेकतात. कोरडी ओढली तर घर्षणाने दोरी जळते आणि गाठ तिथेच तुटते. टोकं कापा, मग बुटाला एक फास अडकवून पूर्ण ताकदीने ओढून बघा. तुटायची असेल तर घरात तुटू दे.

अनुभवी लोक एफजी नावाची गाठ वापरतात. ती बारीक असते आणि रॉडच्या कड्यांतून सर्रकन जाते. डबल युनी हाताला बसली की शिका. लीडरच्या दुसऱ्या टोकाला लुअर बदलायला एक दणकट क्लिप लावा. स्वस्त सेफ्टी-पिनसारख्या क्लिपा मोठ्या माशाने उघडतात.

ड्रॅग काठावर गेल्यावर अंदाजाने फिरवू नका. घरीच दोरी ताणकाट्याला बांधून रॉड वाकवा. ३० पौंडी दोरीला सात-आठ पौंडांवर रील दोरी सोडायला लागली की झालं.

पाच लुअर

पहिला, आणि एकच घ्यायचा असेल तर हाच: पांढरा बकटेल. शिशाचं डोकं, एक गळ आणि मागे हरणाच्या शेपटीचे केस. दिसायला काहीच नाही, भिंतीवर टांगलेल्या चकचकीत लुअरांत तो नजरेतही भरत नाही. पण पाण्यात ते केस श्वास घेतल्यासारखे फुलतात-मिटतात. पाऊण, एक आणि दीड औंस असे तीन घ्या आणि गळावर पांढरी किंवा लाल रबरी पट्टी लावा.

बकटेल चालवणं शिकलात की निम्मं शिक्षण झालं. प्रवाह उजवीकडून डावीकडे जात असेल तर थोडं उजवीकडे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेका. बुडू द्या. दोरी ताठ ठेवून, पाणीच बकटेलला तुमच्यासमोरून वाहून नेईल इतपत रील हळूहळू फिरवत राहा. मधूनमधून तळाला टक् असं लागलं पाहिजे. प्रत्येक वेळी दगडात अडकत असेल तर वजन जास्त, एकदाही तळ लागत नसेल तर कमी. बहुतेक वेळा मासा बकटेल तुमच्यासमोरून पुढे जाऊन वळायला लागतो तेव्हा घेतो, आणि तो दणका चुकवून चुकत नाही.

दुसरा, पाच-सहा इंची पॅडलटेल, म्हणजे शेपूट हलवणारा रबरी मासा, एक ते दोन औंसाच्या जिगहेडवर, म्हणजे शिशाच्या डोक्याच्या गळावर. नुसतं एकसारखं हळू ओढलं तरी तो स्वतः पोहतो, त्यामुळे नवख्याला सगळ्यात सोपा. ब्लूफिश आले की शेपट्या कुरतडून नेतात, तेव्हा पिशवीत जास्तीच्या ठेवा.

तिसरा, रात्रीसाठी पोहणारा प्लग, म्हणजे माशाच्या आकाराचा कडक लुअर. दाइवाचा एसपी मिनो किंवा बॉम्बर लाँग-ए, सहा इंचांच्या आसपासचा. रात्री याला जितकं हळू ओढाल तितकं चांगलं. हँडलचा एक फेरा दोन सेकंदांत, त्याहून जलद नाही. नवखे इथेच चुकतात, कारण अंधारात काही होत नाही असं वाटून हात आपोआप वेग धरतो. रंगाबद्दल फार डोकं चालवू नका: काळोख्या रात्री काळा, चांदण्यात आणि दिवसा हाडासारखा पांढरा.

चौथा, धातूचा. डायमंड जिग किंवा कास्टमास्टर, एक ते दोन औंस. वारा समोरून असेल आणि मासे लांबवर दिसत असतील तर एवढाच तिथपर्यंत पोचतो. पाचवा, पृष्ठभागावरचा: पेन्सिल पॉपर. पहाटे पाणी शांत असताना रॉडचं टोक थरथरवत ओढला की तो जखमी माशासारखा तडफडतो आणि मासा पाणी फोडून वर येतो. मासे लागण्याच्या दृष्टीने हा पाचांत शेवटचा, पण आनंदाच्या दृष्टीने पहिला.

प्लगवर तीन-तीन टोकांचे दोन किंवा तीन गळ येतात. ते काढून त्या जागी एकेरी गळ बसवा आणि पकडीने त्यांचे उलटे काटे दाबून सपाट करा. माशाला सोडणं सोपं होतं, आणि तो अंगठ्यात घुसला तर दवाखाना गाठावा लागत नाही.

मासा काय खातोय

लुअरची निवड यावर ठरते. न्यू जर्सीत दोन नावं लक्षात ठेवा. पहिला बंकर, म्हणजे मेनहेडन: आपल्या तारलीच्या जातकुळीतला, पण फूटभर लांब आणि रुंद. एप्रिल-मेमध्ये रॅरिटन बेमध्ये याचे थवे शिरतात आणि मागोमाग मोठे स्ट्रायपर. तेव्हा मोठा पॅडलटेल, मोठा प्लग. त्याचीच पिल्लं पानगळीत दोन-चार इंचांची होऊन बाहेर पडतात, तेव्हा लहान बकटेल. दुसरा सँड ईल, पेन्सिलीएवढा बारीक, वाळूत घुसणारा. नोव्हेंबरमध्ये किनाऱ्यावर तो असला की डायमंड जिग किंवा बारीक लांब रबरी लुअरच चालतो, रुंद काहीही चालत नाही. सप्टेंबरात बोयटं किनाऱ्याला लागून दक्षिणेला जातात. होय, आपल्या बोयच्याच जातकुळीतली.

ओळखायचं कसं? पाण्याच्या कडेला बघा, वाळूवर काय फेकलं गेलंय. पक्षी कुठे सूर मारतात ते बघा. आणि शेजारी ज्याला मासा लागला त्याने काय लावलंय तेही बघा, तिथे लाजू नका.

कुठे, कधी

साचलेल्या पाण्यात स्ट्रायपर फारसा खात नाही. पाणी वाहतं असलं पाहिजे, चढतं किंवा उतरतं. भरती पूर्ण झाल्यावर पाणी थबकतं तो अर्धा तास डबा खायला चांगला. इनलेटच्या तोंडाशी सहसा ओहोटीचं पाणी चांगलं, कारण बेमधलं सगळं खाद्य त्या चिंचोळ्या जागेतून बाहेर वाहून येतं. उथळ किनाऱ्यावर भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात वाहतं, भांगाला मंद, हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको.

नव्या किनाऱ्यावर पहिल्यांदा जाल तेव्हा पूर्ण ओहोटीला, दिवसाउजेडी, रॉड न घेता जा. वाळूचा बांध कुठे आहे, तो कुठे तुटलाय, त्यामागे खोलगट कुंड कुठे आहे, याचे फोटो काढा. भरती चढल्यावर बांधावर लाटा फुटतात आणि तुटलेल्या जागेतून पाणी आत-बाहेर करतं. मासा त्या दारात असतो. अशा जागी पन्नास फुटांवरही मासा असतो, आणि लोक त्याच्या डोक्यावरून शंभर यार्ड लांब फेकत बसतात.

मार्चअखेरीस पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या आसपास गेलं की रॅरिटन बेच्या आतल्या, उथळ, चिखलाच्या भागापासून सुरुवात करा, कारण तो भाग आधी तापतो. कीपोर्ट, पर्थ अँबॉय इथल्या काठांवरून फेकता येतं. मे-जूनमध्ये सँडी हूक आणि ॲस्बरी पार्कच्या बाजूचा समुद्र. जुलै-ऑगस्टमध्ये रात्र सोडली तर घरी बसा. ऑक्टोबर ते डिसेंबर आयलंड बीच स्टेट पार्क. कोणाला बोस्टनकडे राहायचं असेल तर केप कॉड कॅनाल आहे, पण तिथला प्रवाह आणि दगड दोन्ही जबरदस्त, पहिल्या हंगामात नको.

जेट्टीच्या शेवाळलेल्या दगडांवर साध्या बुटांनी चढू नका, तळाला खिळे असलेले बूट मिळतात. वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची पाणबंद विजार) घातले की कमरेला पट्टा आवळलाच पाहिजे, नाहीतर पडल्यावर आत पाणी भरतं. डोक्यावर टॉर्च, खिशात पकड, आणि घरी सांगून ठेवायचं कुठे आहोत ते.

लागल्यावर

मासा पळाला तर पळू द्या, रील फिरवू नका. रॉड वाकलेला ठेवा, थांबला की ओढा. काठाजवळ आल्यावर लाटेच्या जोरावर त्याला वर घ्या, दोरी हाताला गुंडाळून कधीही नाही. खालचा ओठ अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा. कल्ल्याची कड आणि पाठीचे काटे धारदार असतात, तिथे हात नको. मोठा मासा नुसता ओठाने लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली हवा. गॅफ, म्हणजे मासा टोचून ओढायचा आकडा, वापरायला बंदी आहे.

सोडायचा असेल तर गळ पाण्यातच काढा, फोटो एक, मग डोकं प्रवाहाकडे करून धरून ठेवा. त्याने बोट चावून शेपूट मारली की सोडा. सोडलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के मासे नंतर मरतात असं नियम ठरवताना धरलं जातं, आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात हे प्रमाण वाढतं.

ठेवायचा असेल तर लगेच मारून रक्त काढा आणि बर्फात घाला. या माशाच्या चरबीत पीसीबी नावाची रसायनं साठतात, म्हणून न्यू जर्सीचा आरोग्याचा सल्ला आधी वाचा. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तो जास्त कडक आहे. चामडी, पोटाची चरबी आणि मधली काळपट लाल पट्टी काढून टाका, डोक्याचं कालवण करायचा मोह आवरा. उरलेल्या पांढऱ्याशुभ्र तुकड्यांना हळद, तिखट, मीठ, कोकमाचा आगळ लावून अर्धा तास ठेवा आणि रव्यात घोळवून तळा. तुकडे सुरमईपेक्षा जाड पडतात, तेव्हा आच मध्यम ठेवा, नाहीतर बाहेरून करपून आत कच्चे राहतील.